अंधाराचे कौतुक

दिवाळीच्या अंकात अंधाराचे कौतुक मांडणे हा थोडा आगाऊपणाच आहे. घरोघरी पणत्या लागलेल्या आहेत, सज्जांतून विजेच्या माळा लुकलुकत आहेत, आकाशकंदिलातली मेणबत्ती जाऊन तिथेही विजेचा दिवा बसला आहे. आणि अशा वेळी वाचकाने चकलीचा तुकडा हातात तसाच धरून एका जपानी गृहस्थाचे सावलीवरील प्रेम ऐकून घ्यावे, अशी माझी विनंती आहे. पण जपानी कलेतील जुन्यानव्याच्या झगड्याविषयी बोलायचे तर आरंभ करायला याहून चांगली जागा मला सापडत नाही.

हा गृहस्थ म्हणजे कादंबरीकार जुनिचिरो तानिझाकी. १९३३ च्या अखेरीस आणि १९३४ च्या आरंभी त्याने एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या नावाचा अर्थ 'सावलीची स्तुती'. निबंधाची सुरुवात मात्र सौंदर्यशास्त्रापासून होत नाही, घर बांधण्यापासून होते. शुद्ध जपानी वळणाचे घर बांधायला निघालेल्या माणसाने विजेच्या तारा कुठे लपवाव्यात, गॅसच्या आणि पाण्याच्या नळ्यांचे काय करावे, न्हाणीघरात फरशी घालावी की लाकूडच ठेवावे, या साऱ्या विवंचना तो गवंड्याशी हुज्जत घालून आलेल्या घरमालकाच्या आवाजात सांगतो. स्वतःच्या घराच्या दारांना त्याने आतून कागद आणि बाहेरून काच लावून पाहिली. खर्च वाढला तो वाढलाच. बाहेरून पाहावे तर ते नुसते काचेचे दार, आणि आतून पाहावे तर कागदातून झिरपणारा तो मऊ उजेड नाहीसा झालेला. जुने आणि नवे दोन्ही साधायला जावे आणि दोन्ही हातचे जावे, हा अनुभव घ्यायला जपानला जावे लागत नाही. ज्याने वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीत जुना देव्हारा बसवण्याची खटपट केली आहे, त्याला हे पान वाचताना आपलेच कोणी बोलत आहे असे वाटेल.

तेथून तानिझाकी क्योतोमधल्या एका जुन्या उपाहारगृहात शिरतो. तिथे मेणबत्त्यांच्या जागी विजेचे दिवे आले होते. तो मुद्दाम मेणबत्ती मागवतो. आणि काळे रोगण दिलेल्या लाकडी वाडग्याचे रहस्य त्याला त्या हलत्या, अपुऱ्या उजेडात उलगडते. त्या वाडग्यावरची सोन्याची नक्षी दिव्याच्या झगझगाटात भडक दिसते. ती एकदम, सगळीच्या सगळी दिसण्यासाठी काढलेलीच नसते. अंधारात कुठे एक रेघ चमकावी, कुठे एक पाकळी, बाकीचे पाहणाऱ्याने मनात पुरे करावे, असा तिचा हिशेब असतो. तानिझाकीची खरी तक्रार इथे कळते. यंत्राने आमचे जुने मोडले एवढेच तो म्हणत नाही. तो म्हणतो, ही यंत्रे आम्ही घडवली असती तर ती निराळी झाली असती. झरणी जपान्याने शोधली असती तर तिला टोकाला कुंचला असता, तिच्यासाठी निराळी शाई आणि निराळा कागद निघाला असता. नभोवाणी आणि ग्रामोफोन आमच्या गाण्यासाठी घडले असते, तर त्यांनी आमच्या गाण्यातल्या थांबण्याच्या जागा मारून टाकल्या नसत्या.

याच निबंधाची एक शेपटी आहे, आणि ती मला निबंधाइतकीच प्रिय आहे. तानिझाकीच्या पत्नीने सांगितलेली ही हकीकत. पुढे कधी तरी त्यांनी नवे घर बांधायला काढले, तेव्हा वास्तुशिल्पी आदराने म्हणाला, 'मी तुमचा तो निबंध वाचला आहे, आपल्याला कसे घर हवे ते मला पक्के ठाऊक आहे.' त्यावर तानिझाकी उत्तरला की छे, तसल्या घरात मला राहता येणार नाही!

यात कुणाला दांभिकपणा दिसेल. मला तो दिसत नाही. सावलीची स्तुती लिहिणारा माणूस सावलीत राहत नव्हता, आणि म्हणूनच त्याला ती दिसली. ज्या आजीने जन्मभर चुलीपुढे फुंकणी मारली तिने चुलीवरच्या भाकरीच्या चवीवर निबंध लिहिलेला नाही. तो लिहिणारा नातू गॅसवरची पोळी खात असतो.

तानिझाकीचा स्वतःचा प्रवास पाहिला म्हणजे हे अधिकच पटते. तो १८८६ साली तोक्योत, जुन्या व्यापारी वस्तीत जन्मला. पण तरुणपणी त्याला वेड होते ते पश्चिमेचे. योकोहामात तो विलायती पद्धतीच्या घरात राहत असे. १ सप्टेंबर १९२३ रोजी तोक्यो-योकोहामा भूकंपाने आणि आगीने उद्ध्वस्त झाले, त्या दिवशी तो हाकोनेच्या डोंगरात बसने चालला होता. आपल्या माणसांच्या काळजीबरोबरच आपल्या मनात एक आनंदही उसळला, अशी कबुली त्याने पुढे स्वतःच दिली आहे. आता हे गचाळ जुने शहर जाईल आणि त्या जागी रुंद रस्त्यांचे, झगमगते नवे तोक्यो उभे राहील, असा तो आनंद! मग तो तात्पुरता म्हणून पश्चिमेकडच्या ओसाका-कोबे भागात राहायला गेला. तेथे त्याने प्रथम लिहिली ती 'नाओमी' म्हणून जगभर ओळखली जाणारी कादंबरी. तिच्यातला सुशिक्षित नायक कॉफीगृहातल्या एका पोरीत मेरी पिकफर्डचा चेहरा पाहतो आणि तिचा गुलाम होऊन बसतो. आणि त्याच ओसाकात, परक्या बोलीच्या, परक्या चालीरीतींच्या शहरात, या तोक्योकराला हळूहळू जुना जपान भेटला. परंपरा त्याला वडिलार्जित मिळालेली नाही. तो तिच्या दारात भाडेकरू म्हणून गेला आणि तिथेच रमला.

याच भाडेकरूने पुढे 'मुरासाकीबाईंची गेंजीकथा' हे अकराव्या शतकाच्या आरंभीचे अवाढव्य पुस्तक आधुनिक जपानीत आणले, तेही एकदा नव्हे, तीनदा. आणि त्या कामाच्या पाठोपाठ त्याने 'सासामेयुकी' ही कादंबरी हाती घेतली. इंग्रजी भाषांतरामुळे ती आपल्याकडे 'माकिओका भगिनी' म्हणून परिचित आहे. ओसाकातले एक जुने, उतरणीला लागलेले घराणे, चार बहिणी, आणि तिसरीचे, युकिकोचे, जमता जमत नसलेले लग्न. सारी कादंबरी म्हणजे मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमांची मालिकाच आहे. पोहे नाहीत एवढेच. बाकी मध्यस्थ, घराण्याची चौकशी, डोळ्यावरच्या बारीक डागाची कुजबूज, नकार कळवण्याची शिष्टाई, सगळे आपल्या ओळखीचे. मध्ये दरवर्षी क्योतोला जाऊन चेरीचा बहर पाहायचा, त्याच झाडाखाली उभे राहायचे, आणि पुढल्या वर्षी ही बहीण आपल्याबरोबर असेल का, असे थोरल्यांच्या मनात यायचे. एक स्थळ तर टेलिफोनमुळे जाते. वर स्वतः फोन करतो, फिरायला येता का म्हणून विचारतो. युकिकोला परक्या पुरुषाशी यंत्रातून बोलायचे म्हणजे काय ते सुचत नाही, ती चाचरते, आणि तो गृहस्थ दुखावतो. जुने आणि नवे यांची टक्कर असे मोठे शब्द आपण टीकाकार वापरतो. तानिझाकीला ती टक्कर एका मिनिटाच्या, न झालेल्या संभाषणात दिसते.

या कादंबरीचे दोन हप्ते १९४३ साली एका मासिकात आले आणि पुढचे छापणे बंद पडले. युद्धाच्या काळाला असले लिखाण शोभत नाही, असे लष्करी अधिकाऱ्यांचे म्हणणे होते. यापूर्वीचे वर्ष पाहा. १९४२ च्या जुलैत जपानातले नामवंत विचारवंत, समीक्षक, संगीतकार तोक्योत एकत्र जमून 'आधुनिकतेवर मात' कशी करावी याची चर्चा करीत होते. पश्चिमेचे जोखड झुगारून जपानच्या मूळ आत्म्याकडे परतायचे, ही त्या काळची घोषणा होती. आणि एक म्हातारा होत चाललेला लेखक खरोखरच किमोनो, चेरीचा बहर, नृत्याचे कार्यक्रम, थोरामोठ्यांच्या घरातल्या रीती यांचे इतके बारीक चित्र काढत होता, तर ते मात्र चालेना! परंपरेचा नगारा बडवणाऱ्यांना परंपरेचा आवाज नको होता. कारण नगाऱ्याच्या तालावर पावले टाकता येतात. युकिकोच्या चाचरण्यावर टाकता येत नाहीत. तानिझाकी लिहीत राहिला, आणि युद्ध संपल्यावर, १९४८ साली, ती कादंबरी पुरी झाली. तिचा शेवट अजून कित्येकांना खटकतो. लग्न ठरलेली युकिको तोक्योच्या गाडीत बसते आणि तिचे पोट बिघडलेले असते, एवढ्यावर पुस्तक संपते. मला वाटते, सनई-चौघड्याच्या जागी हे ठेवायला फार मोठी हिंमत लागते.

(जाता जाता सांगतो : सायाका मुराता या लेखिकेने २०१६ साली आकुतागावा पारितोषिक मिळवले ते एका चोवीस तास चालणाऱ्या दुकानात काम करणाऱ्या छत्तीस वर्षांच्या अविवाहित बाईवरच्या छोट्या कादंबरीने. घरचे, मैत्रिणी, सगळे तिच्या लग्नाची काळजी करतात. तिला मात्र दुकानातले यंत्रांचे आवाज हेच आपले घर वाटते. युकिकोची ही नात तिच्या मानाने बोलकी आहे, पण काळजी करणारे नातेवाईक अगदी तेच आहेत.)

यासुनारी कावाबाताला १९६८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याची 'हिमभूमी' सर्वांना ठाऊक आहे. मी मात्र त्याच्या 'गो-उस्ताद' या पुस्तकाकडे वाचकांना बोलावीन. गो म्हणजे काळ्यापांढऱ्या गोट्यांचा, आपल्या बुद्धिबळाच्या तोलाचा खेळ. १९३८ च्या जूनपासून डिसेंबरपर्यंत चाललेला एक खराखुरा डाव कावाबाताने वर्तमानपत्रासाठी पाहिला आणि पुढे त्यावर कादंबरी रचली. एका बाजूला चौसष्ट वर्षांचे, आजारी, वंशपरंपरेच्या पदवीचे अखेरचे मानकरी होनिन्बो शूसाई. दुसऱ्या बाजूला तिशीच्या आतला कितानी, ज्याला कादंबरीत ओताके म्हटले आहे. प्रत्येकाला चाळीस तासांचा वेळ, आणि डाव थांबताना पुढली खेळी कागदावर लिहून पाकिटात बंद करण्याचा नवा नियम. तरुण खेळाडू या नियमाचा उपयोग करून एक खेळी पाकिटात घालतो. उस्तादांना वाटते, आपण दोघे मिळून घडवत असलेल्या सुंदर वस्तूला डाग लागला. ते खचतात आणि हरतात. १९४० च्या जानेवारीत आतामीच्या एका खाणावळीत त्यांचा अंत झाला.

हे पुस्तक वाचून डोळे ओले होतात, आणि मग थोड्या वेळाने मन कुरकुरू लागते. कारण जुन्या रीतीप्रमाणे वडीलधारा खेळाडू हवे तेव्हा डाव तहकूब करू शकत असे, आणि याच उस्तादांनी १९३३ सालच्या एका गाजलेल्या डावात हा हक्क पुन्हा पुन्हा वापरला होता. पाकिटाचा नियम आला तो असल्या वडिलकीला आवर घालण्यासाठी. शिवाय ज्याला कावाबाता जुन्या जगाचा अंत्यविधी म्हणून पाहतो, तो डाव वर्तमानपत्राने भरवला होता, आणि कावाबाता स्वतः त्याच वर्तमानपत्राचा वार्ताहर होता. हे तो लपवत नाही, हे त्याचे मोठेपण. पण त्याची सहानुभूती जिकडे झुकते तिकडे माझी सबंध झुकत नाही. ओताके दर थोड्या वेळाने उठून शौचास जातो, चहा पितो, घाबरतो, आणि तरी खेळतो. कादंबरीतला खरा जिवंत माणूस मला तोच वाटतो.

नात्सुमे सोसेकी या थोर लेखकाने हा सगळा पेच फार आधी ओळखला होता. १९०० ते १९०२ अशी दोन वर्षे लंडनमध्ये एकाकी काढून आलेल्या या माणसाने १९११ साली वाकायामा येथे व्याख्यान दिले. त्यात त्याने म्हटले की पश्चिमेची सुधारणा आतून उमलली आणि आमची बाहेरून ढकलली गेली. म्हणून आमच्या पायाला सारखी ठेच लागते, आणि तरी आम्हाला थांबता येत नाही. यावर उपाय काय, ते त्याने सांगितले नाही. उपाय नाही असेच त्याचे मत होते.

ही ढकलाढकल संगीतात तर अक्षरशः सरकारी हुकमाने झाली. नव्या शाळांत गाणे शिकवायचे ठरले तेव्हा १८८० साली अमेरिकेहून मेसन नावाचा संगीतशिक्षक बोलावण्यात आला, आणि १८८१ च्या पहिल्या शालेय गीतसंग्रहात स्कॉटलंडच्या एका चालीवर जपानी शब्द बसले. आजही तेथील शाळांच्या निरोपसमारंभात ती चाल गातात आणि ती परकी आहे असे कुणाच्या मनातही येत नाही. पश्चिमेच्या सप्तकातले चौथा आणि सातवा हे दोन स्वर जपानी गळ्याला अवघड जात. म्हणून ते वगळून नवी गाणी रचली जाऊ लागली. उरले ते सा, रे, ग, प, ध : आपला भूप! उलट शामिसेन आणि कोतो यांच्या शहरी गाण्यात कोमल ऋषभ-धैवताचा जो करुण स्वरमेळ आहे, 'साकुरा' या प्रसिद्ध गाण्यात जो ऐकू येतो, तो आपल्या गुणक्रीच्या स्वरांशी जुळतो. राग नव्हे, नुसते स्वर. पण गाणे जाणणाऱ्या आपल्या घरातल्या कुणालाही ते ऐकून दचकायला होईल. मिचिओ मियागी या अंध कोतोवादकाची 'वसंतातला सागर' ही १९२९ सालची रचना दर नववर्षाला जपानभर दुकानांतून वाजते. जपानी माणूस तिला अगदी जुनी, घरची समजतो. खरे तर तिच्या बांधणीत पश्चिमेचा हात स्पष्ट दिसतो, आणि शाकुहाचीच्या जागी व्हायोलिन घेऊन एका फ्रेंच बाईने ती वाजवली तेव्हा काही बिघडले नाही.

पण संगीतातली मोठी गोष्ट आहे ती तोरु ताकेमित्सुची. १९३० साली जन्मलेला हा मुलगा. युद्धाच्या अखेरीस, चौदा वर्षांचा असताना, लष्करी कामावर जुंपला गेला. तेथे एका अधिकाऱ्याने गुपचूप ग्रामोफोनवर एक फ्रेंच प्रेमगीत ऐकवले. शत्रूचे गाणे, बंदी असलेले. त्या तबकडीने या मुलाचे आयुष्य ठरवून टाकले. युद्ध संपल्यावर आजारपणात तो अमेरिकन सैन्याची नभोवाणी ऐकत पडे. जपानी संगीत त्याला नकोसे झाले होते. ते ऐकले की युद्धाच्या साऱ्या कडू आठवणी वर येत. ज्यांनी तानिझाकीचे हप्ते बंद पाडले, त्यांनीच या पोराच्या कानातून त्याच्या स्वतःच्या देशाचे सूर असे उपटून काढले होते. परंपरेचा अभिमान सक्तीने पाजला म्हणजे काय होते, याचे इतके नेमके उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

मग तो परत वळला कसा? एकदा बाहुल्यांच्या बुनराकु नाटकात शामिसेनचा आवाज ऐकून तो थक्क झाला. आणि जॉन केज या अमेरिकन संगीतकाराच्या सहवासाने त्याला आपल्याच घरातल्या शांततेकडे पुन्हा पाहायला शिकवले. म्हणजे ताकेमित्सुला जपान दाखवला तो अमेरिकेने. यात मला काही नामुष्की वाटत नाही. ज्या ग्रामोफोनने जपानी गाण्यातली शांतता मारली अशी तानिझाकीची तक्रार, त्याच यंत्राच्या पोटी जन्मलेल्या या मुलाने १९६० साली पाण्याच्या थेंबांचे आवाज ध्वनिफितीवर घेऊन त्यांतून एक रचना केली, आणि तिच्यात दोन थेंबांमधले अंतर थेंबाइतकेच बोलते.

न्यूयॉर्कच्या वाद्यवृंदाने आपल्या १२५ व्या वर्षानिमित्त त्याच्याकडे रचना मागितली. ९ नोव्हेंबर १९६७ रोजी सेइजी ओझावाच्या संचालनाखाली ती सादर झाली : 'नोव्हेंबरची पावले'. बिवा आणि शाकुहाची ही दोन जपानी वाद्ये आणि त्यांच्यामागे पश्चिमेचा सबंध वाद्यवृंद. सगळ्यांना वाटले, आता पूर्व-पश्चिमेचा संगम ऐकायला मिळणार. ताकेमित्सुने संगम केलाच नाही. वाद्यवृंद बोलतो आणि थांबतो. बिवा आणि शाकुहाची बोलतात आणि वाद्यवृंद कित्येक मिनिटे नुसता ऐकत बसतो. दोघे शेजारी राहतात, एकाच ताटात जेवत नाहीत. आणखी एक गंमत : बिवा हे कथा गाणाऱ्यांचे वाद्य, शाकुहाची भटक्या झेन साधूंची. जुन्या काळी ही दोन वाद्ये एकत्र वाजतच नसत. न्यूयॉर्कच्या श्रोत्यांनी सनातन जपान म्हणून जे ऐकले ते जपानातही नवे होते.

या बिवेपाशी आपण मराठी वाचकांनी थोडे थांबले पाहिजे. एक तर जपानात ती सरस्वतीच्या हातात असते. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे गेलेली आपली सरस्वती तिथे बेन्झाइतेन झाली आणि वीणेऐवजी बिवा वाजवू लागली. दुसरे असे की बिवेच्या तारेला मुद्दाम एक झणकार ठेवतात. तार स्वच्छ वाजू नये, कुठे तरी घासावी, आणि त्या घासण्यातून सुरांचा धूर निघावा, अशी तिची घडण करतात. या गुणाला जपानीत 'सावारी' म्हणतात. सावारी म्हणजे स्पर्श; आणि त्याच उच्चाराच्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ अडथळा. ताकेमित्सुने यावर फार सुंदर विवेचन केले आहे. वाद्याला मुद्दाम थोडी अडचण करून ठेवायची, म्हणजे मग त्या अडचणीतून अर्थ उपजतो, असा त्याचा आशय. आता मिरजेच्या तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी लावणारा कारागीर डोळ्यांपुढे आणा. शब्दांच्या सारखेपणावरून मी काही सिद्ध करू पाहत नाही. तो योगायोगही असेल. पण गोष्ट तीच आहे. पियानो बनवणारा ज्या कुरकुरीला दोष समजून काढून टाकील, तिच्याचसाठी मिरजेचा माणूस तासन्‌तास घोडी घासत बसतो.

चित्रपटाकडे यायला उशीर झाला, पण वाचकांनाही बहुधा याचीच वाट असेल. जपानी मूकपटात पडद्याशेजारी बेन्शी नावाचा निवेदक उभा राहून सगळ्या पात्रांची भाषणे आपल्या आवाजात म्हणे. कीर्तन ऐकलेल्याला यात नवल वाटू नये. प्रेक्षक नटापेक्षा बेन्शीच्या नावावर येत. बोलपट आले आणि ही सारी मंडळी उघड्यावर पडली. अकिरा कुरोसावाचा थोरला भाऊ असाच बेन्शी होता. १९३३ साली त्याने आत्महत्या केली. स्त्रियांची कामे सुरुवातीला पुरुष करीत, तसेच जसे १९१३ साली फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्रा'त साळुंके तारामती झाले. कुरोसावाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी येथे एवढेच म्हणतो : 'राशोमोन'ला १९५१ साली व्हेनिसचे पारितोषिक मिळाले, तेव्हा जपानातले काही टीकाकार हा माणूस फार पाश्चात्त्य आहे म्हणून नाके मुरडत होते. आणि ज्याला सगळे अस्सल जपानी म्हणत, परदेशी लोकांना कळणार नाही म्हणून ज्याचे चित्रपट बाहेर पाठवायलाही कचरत, तो यासुजिरो ओझू वाढला होता हॉलिवूडच्या दुधावर.

ओझू हे नाव ऐकून आपल्याला 'ओझे' आठवते, पण त्याच्या चित्रपटांइतके हलके मी दुसरे काही पाहिलेले नाही. तरुणपणी त्याचे वेड अमेरिकन चित्रपटांचे; त्याच्या मूकपटांतल्या खोल्यांच्या भिंतींवर अमेरिकन चित्रपटांच्या जाहिराती टांगलेल्या दिसतात. १९४३ साली लष्कराने त्याला सिंगापूरला पाठवले, आणि ते कशासाठी, तर आपल्या नेताजींच्या आझाद हिंद सेनेवर चित्रपट करण्यासाठी! तो पुरा झाला नाही. ओझू तिथे बसून शत्रूकडून जप्त केलेले अमेरिकन चित्रपट पाहत राहिला, त्यांत 'सिटिझन केन'ही होता. त्याचा कॅमेरा जमिनीलगत असतो. तातामीवर बसलेल्या माणसाची ती नजर, असे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. मला ते अपुरे वाटते. ओझू कचेरीतले टेबल आणि रस्ताही तितक्याच खालून दाखवतो, आणि तिथे कुणी चटईवर बसलेले नसते. ती कुणा बसलेल्या माणसाची नजर नाही. ओझूने स्वतःसाठी घालून घेतलेली अडचण आहे. बिवेची सावारी म्हणतात ती हीच असावी.

'तोक्यो-कथा' हा त्याचा १९५३ सालचा चित्रपट. २०१२ साली जगभरच्या दिग्दर्शकांनी एका ब्रिटिश नियतकालिकाच्या कौलात त्याला पहिला क्रमांक दिला. ओनोमिचीहून म्हातारा-म्हातारी तोक्योला मुलांकडे येतात. मुलगा उपनगरातला डॉक्टर, मुलगी शिगे केशभूषेचे दुकान चालवते. दोघेही कामात. वाईट कुणीच नाही. फक्त कुणाला वेळ नाही. वर्गणी काढावी तसे पैसे काढून ते आईबापांना आतामीच्या गरम झऱ्यांवर धाडतात, त्याच आतामीला जिथे कावाबाताचा उस्ताद वारला. तिथल्या खाणावळीत रात्रभर तरुणांचा गोंगाट, आणि दोघे जागेच. या कथेचे बीज लिओ मॅकॅरीच्या १९३७ सालच्या एका अमेरिकन चित्रपटातले आहे. ओझूचा पटकथालेखक कोगो नोदा याने तो पाहिला होता. आपल्याकडे शिरवाडकरांनी १९७० साली असाच बाप रंगभूमीवर आणला, आणि त्यामागेही 'किंग लियर'ची सावली होती. पण गणपतराव बेलवलकर बोलतात. त्यांच्या शब्दांनी नाट्यगृह हादरते. चिशू र्यूने उभा केलेला जपानी बाप नुसते मान हलवून हुंकार देतो. तो नट त्या वेळी पन्नाशीचाही नव्हता.

आणि सून नोरिको. मुलगा युद्धात गेला, त्याला आठ वर्षे झाली. ती एकटी खोली घेऊन राहते, कचेरीत नोकरी करते, शेजारणीकडून साके उसनी आणून सासऱ्याला देते. सासरे-सासूसाठी रजा काढते ती हीच. प्रेक्षक म्हणतो, पाहा, रक्ताची मुले विसरली आणि परंपरा सुनेने राखली. ओझू तसे म्हणू देत नाही. सासू वारते तेव्हा मरणाच्या घरी येताना शोकाचे कपडे बरोबर आणण्याची आठवण शिगेला राहते. नोरिको तसे काही आणत नाही. रीतीत चुकते ती नोरिको. शिगेचे सारे यथासांग आहे : कपडे, रडणे, आणि रडणे संपता संपता आईचा अमुक पट्टा मला हवा हे सांगणेही.

शेवटी सासरा नोरिकोला म्हणतो की तू फार चांगली आहेस, आता दुसरे लग्न कर. आणि सेत्सुको हारा जो चेहरा सबंध चित्रपटभर हसरा ठेवते तो इथे मोडतो. मी चांगली नाही, ती सांगते. हल्ली पुष्कळ दिवस त्यांची आठवणही येत नाही; काही तरी घडावे असे मला वाटत असते. म्हातारा ते ऐकून घेतो. त्याच्या दृष्टीने ही कबुलीच तिच्या चांगुलपणाची खूण ठरते. मग तो आत जाऊन बायकोचे जुने घड्याळ आणतो, नोरिकोच्या हाती ठेवतो, आणि आपल्या मुलाला विसरून जा असे पुन्हा सांगतो. गाडी तोक्योकडे निघते. धाकटी नणंद शाळेच्या खिडकीतून ती जाताना पाहते. डब्यात नोरिको पिशवीतून घड्याळ काढते, उघडते, आणि कितीतरी वेळ ते तसेच हातात धरून बसते. ओनोमिचीच्या घरी म्हातारा पंख्याने वारा घेत एकटाच बसलेला असतो, आणि बाहेरून बोटीच्या यंत्राचा आवाज येत राहतो.